कुंपणाविना कारभार



लॅमिंग्टन रोड म्हटले की मुंबईकरांना रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेला रस्ता आठवतो. त्या रस्त्याला दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळून बराच काळ लोटला, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. मी ज्या लॅमिंग्टन रोडवर राहतो तो हुबळीचा. दोन्ही रस्त्यांना नाव मिळाले ते एकाच गृहस्थाचे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि हुबळी त्या वेळी, किंबहुना पुढे १९५६ पर्यंत, मुंबईच्याच कारभाराखाली होती. त्यामुळे माझे आजचे बोलणे कर्नाटकातून होत असले तरी श्रोत्यांनी मला परका समजू नये.

या रस्त्याने मी रोज सकाळी शाळेला जातो. वाटेत कापडाचे एक दुकान लागते. तेथे मालकांच्या गादीमागच्या भिंतीवर नोकरांसाठी केलेल्या नियमांचा तक्ता टांगलेला आहे. तक्ता कानडीत आहे आणि अक्षर सुरेख आहे. एकदा गिऱ्हाईक म्हणून गेलो असता सहज मोजले, तर नियम चौदा भरले. पहिला नियम वेळेवर येण्याचा आणि शेवटचा, गिऱ्हाईक नसले तरी खाली न बसण्याचा. मला कापड दाखविणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. बोलता बोलता तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकीत होता. मी त्याला विचारले, "हे कापड धुतल्यावर आटते का रे?" त्याने गादीकडे पाहिले. मालक फोनवर बोलत होते. मग तो हळूच म्हणाला, "मालकांनाच विचारा, सर." दिवसाचे दहा तास ते कापड त्याच्या हातांतून जाते. ते आटते की नाही हे मालकांपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असणार. परंतु स्वतःच्या बुद्धीने उत्तर देण्याची सवय त्या तक्त्याने त्याच्यात राहू दिली नव्हती.

दुकानातल्या नोकरांना बसता यावे म्हणून केरळात २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. माणसाने केव्हा बसावे हेसुद्धा विधिमंडळाला सांगावे लागते, याचे मला त्या दिवशी फार नवल वाटले.

मात्र त्या दुकानदाराला नावे ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावच्या एका शाळेत होतो आणि तेथे पर्यवेक्षकाचे काम माझ्याकडे आले. हाती अधिकार आला की माणसाला प्रथम सुचते ते नियम करणे. मीही पहिल्याच पंधरवड्यात अकरा नियम केले, ते टंकलिखित करून शिक्षकांच्या खोलीत लावले आणि खाली ऐटीत सही ठोकली. हजेरीपटावर दहा मिनिटांनंतर लाल रेघ. टाचणवही दर शनिवारी माझ्या मेजावर. वर्गाबाहेरच्या कोणत्याही कार्यक्रमासाठी तीन दिवस आधी लेखी अर्ज. हे सारे मी सद्हेतूने केले होते. माझ्या आधीच्या गृहस्थांच्या काळात कारभार फार सैल झाला होता, अशी माझी समजूत होती.

नियमांचा परिणाम तत्काळ दिसला. सर्वजण वेळेवर येऊ लागले. वह्या शनिवारी बाराच्या आत मेजावर येत. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी हजेरीपटाची पाने उलटून मला शाबासकी दिली. ती शाबासकी मी घरी येऊन दोनदा सांगितली, हे कबूल करतो.

त्यानंतर जवळजवळ एक वर्षाने सातवीतल्या एका मुलीने मला जिन्यात गाठले आणि विचारले, "सर, आता आम्हांला गच्चीवर का नेत नाहीत?" मला काहीच उमगेना. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या विज्ञानाच्या बाई पूर्वी थंडीच्या दिवसांत, आकाश निरभ्र असले की, शेजारपाजारच्या मुलांना सायंकाळी शाळेच्या गच्चीवर बोलावीत आणि तारे दाखवीत. मृग, कृत्तिका, व्याध. एकदा गुरूचे चंद्रही कोणाच्या तरी दुर्बिणीतून दाखविले होते. मी बाईंना विचारले, "तुम्ही हे बंद का केलेत? अर्ज केला असता तर मी कधी नाही म्हटले असते का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तीन दिवसांनी आकाश कसे असेल ते मला आज कसे कळणार? ढगांना अर्ज वाचता येत नाहीत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. त्यांनी नियम मोडला नाही, तक्रारही केली नाही. फक्त जे करण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती ते करणे सोडून दिले. आणि असे करताना त्यांच्या हजेरीपटावर एकही लाल रेघ नव्हती.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नियमाने काय मिळते ते कागदावर दिसते. वेळेवर आलेल्यांची संख्या मोजता येते. नियमाने काय गेले त्याचा हिशेब कोठेच लिहिला जात नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद करणार कोण? त्या मुलीने जिन्यात विचारले नसते तर माझ्या लेखी ते वर्ष उत्तमच गेले होते.

माझे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. सदर्न मराठा रेल्वेने १८८०च्या दशकात उभारलेले हे वर्कशॉप म्हणजे आमच्या गावाचा अर्धा संसार. कित्येक घरांत चूल पेटायची ती वर्कशॉपच्या भोंग्यावर. प्रत्येक कामगाराला नंबरचा पितळी बिल्ला असे. वडील तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवीत, आणि आम्हां मुलांना त्याला हात लावण्याची बंदी होती. फाटकावरचा हा कडकपणा त्यांना कधी जाचला नाही. ते म्हणत, फाटक सर्वांना सारखे आहे, साहेबाच्या पुतण्यालाही आणि मलाही. परंतु आत गेल्यावर, बाकापाशी, जुन्या मिस्त्रीला 'हे असेच का केलेस' असे कोणी विचारीत नसे. बेअरिंग नीट बसले की नाही ते हाताला कळते, आणि ज्याच्या हाताला कळते त्याचा शब्द तेथे चाले. फाटकाचा नियम निराळा आणि बाकाची मोकळीक निराळी, हा भेद माझ्या अल्पशिक्षित वडिलांना स्वच्छ समजला होता. पदवीधर पर्यवेक्षकाला तो समजायला एक वर्ष आणि एक मुलगी लागली.

याच वर्कशॉपमध्ये, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरकडचा एक पोरसवदा मुलगा काही काळ काम करीत होता. पुढे तो १९२० साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला आणि व्ही. शांताराम या नावाने साऱ्या देशाला माहीत झाला. त्यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिला असेल. एक जेलर खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर नेतो, त्यांच्या हाती शेतीची अवजारे देतो आणि त्यांच्याकडून नापीक जमीन पिकवून घेतो. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, आणि ती कल्पनेच्या भराऱ्या मारून लिहिलेली नव्हती. माडगूळकर माणदेशचे, आणि त्या कथेचे मूळ त्यांच्याच मुलखात होते.

ते मूळ म्हणजे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांना बहुतेक लोक सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकार म्हणून ओळखतात. त्यांच्या दरबारी मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर आले. हे गृहस्थ बंगळूरला म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवीत होते आणि गांधीजींच्या विचारांनी भारून गेले होते. त्यांनी राजेसाहेबांकडे मागितले ते थोडे विचित्रच होते. त्यांना हवे होते संस्थानातले कैदी. त्या मागणीतून १९३९च्या सुमारास स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. तेथे भिंत नाही. कैद्याने बायकोमुलांसह राहावे, जमीन कसावी आणि आपल्या कष्टाचे खावे. ज्यांच्यावर कोणीच विश्वास ठेवू नये असे न्यायालयाने ठरविले होते, त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा हा प्रयोग. संस्थान १९४८ साली विलीन झाले, परंतु ही वसाहत संपली नाही. ती आजही महाराष्ट्राच्या तुरुंगखात्याखाली चालते.

याच काळात आमच्या हुबळीत याच्या अगदी उलट प्रकार चालू होता. १८७१च्या कायद्याने सरकारने काही जमातींच्या जमातीच गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्या जमातींतल्या लोकांना वसाहतींत ठेवीत, त्यांची नियमाने हजेरी घेत, आणि परवानगीवाचून बाहेर गेलेला माणूस केवळ बाहेर गेला म्हणून शिक्षेस पात्र होई. अशी एक वसाहत हुबळीतही होती. हा कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि गावातल्या त्या वस्तीला जुने लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. त्या वस्तीतली मुले मी शिकविली आहेत. त्यांच्या आजोबांनी चोरी केली असेल किंवा नसेल, हजेरी मात्र सर्वांनी दिली. आटपाडीला सिद्ध झालेल्या गुन्हेगाराला मोकळे सोडले होते आणि येथे जन्मलेले मूल हजेरीपटावर चढत होते. दोन्हीकडची माणसे एकाच मातीची होती. फरक होता तो वर बसलेल्यांच्या मनात.

कोणी म्हणेल, कैद्यांची गोष्ट कैद्यांपाशी ठेवा. कारखान्यात नफातोटा असतो, तेथे असला खेळ चालत नाही. त्यांच्यासाठी औंधचीच दुसरी हकीकत सांगतो, आणि ती आमच्या शेजारच्या बेळगावातून सुरू होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे माझ्याच व्यवसायातले. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. त्यांना चित्रकार व्हायचे होते, पण रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला आणि ते यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला वर चढविले गेले, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला आले. तेथे त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर १८८८ साली सुरू केलेला सायकलींचा धंदा होता. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले. नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून कारखाना हलवायची पाळी आली, तेव्हा औंधच्या याच राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली.

लक्ष्मणरावांनी तेथे जमविलेली माणसे पाहिली की आजच्या कोणत्याही नेमणूक अधिकाऱ्याला घाम फुटेल. शंभोराव जांभेकर तेथे उत्तम इंजिनियर आणि व्यवस्थापक ठरले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले. ते यंत्रांची नवी कल्पना लढविणारे इंजिनियर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले. ते शेती पाहत, कायद्याचा सल्ला देत आणि हरहुन्नरी कारभारी म्हणून नावाजले. परीक्षा घेणारा माणूस म्हणून मला या यादीची थोडी लाज वाटते. आमच्या निकालपत्रकांनी ज्यांना बाजूला काढले ते तेथे जाऊन उभे राहिले, कारण तेथे त्यांना काम देताना ते कसे करावे याचा तक्ता दिला नव्हता. आणि वाडीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी ठेवले होते दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले पहारेकरी. त्यांच्या हाती वाडीची रात्र सोपविली गेली आणि त्यांनी ती राखली. त्याच वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळायची नाही असे ठरवून दिले होते. तोही एक नियमच. परंतु माणसाला बांधून ठेवणारा नव्हे, त्याच्या पायातली दोरी सोडणारा.

येथे मला एक शंका येते आणि ती लपविणे बरे नाही. लक्ष्मणराव चांगले होते म्हणून मोकळीक होती. मालक बदलला, त्याचा स्वभाव बदलला, तर? मालकाने दिलेली मोकळीक मालक परत घेऊ शकतो. वर्गातही हेच होते. उदार शिक्षक रजेवर गेला की मुलांचे काय व्हायचे ते होते. या बाबतीत औंधचे राजेसाहेब दोन पावले पुढे गेले असे मला वाटते. गांधीजींचा सल्ला, चिरंजीव अप्पासाहेब पंतांचा आग्रह आणि फ्रिडमन यांची मदत घेऊन त्यांनी १९३९ साली संस्थानाला स्वराज्याची घटना दिली आणि बहात्तर खेड्यांचा कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविला. आपला चांगुलपणा त्यांनी कागदावर बांधून घेतला, म्हणजे उद्या आपणच वाईट वागलो तरी लोकांचे अडू नये. विश्वास ठेवणाऱ्याने स्वतःसाठी नियम करायचा, हे आम्हां वरच्या खुर्चीवाल्यांना सहसा सुचत नाही.

आणि जेथे मालकच नाही तेथे? गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनींनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. लिज्जत पापडाची ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक बारकावा मात्र पाहण्यासारखा आहे. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, पापड आपल्या घरी लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यायचे. कोणत्या वेळी लाटले, मूल झोपल्यावर की सासूबाईंचे जेवण झाल्यावर, हे कोणी विचारीत नाही. परंतु पीठ सर्वांना एकाच प्रमाणाचे, आणि आणलेला पापड जाडीला व आकाराला ठीक नसेल तर तो परत. तेथे गय नाही. या भगिनी संस्थेच्या नोकर नाहीत, भागीदार आहेत; एकमेकींना त्या 'बेन' म्हणतात. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये फाटक कडक आणि बाक मोकळे होते. येथे फाटकच नाही, आणि कडकपणा सारा पापडात आहे.

ही गोष्ट मला अधिक स्पष्टपणे दिसली ती हुबळीतच, बेंगेरीला. १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे आवार तेथे आहे, आणि भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे खादीचा राष्ट्रध्वज तेथे तयार होतो. बहुतेक काम स्त्रिया करतात. एकवीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद ध्वजापासून मेजावर ठेवायच्या सहा इंची ध्वजापर्यंत नऊ मापे आहेत. लांबी-रुंदीचे प्रमाण सर्वांत तीनास दोन. चक्राचे आरे चोवीस, आणि ते दोन्ही बाजूंनी एकावर एक तंतोतंत यायला हवेत. रंगाची छटा ठरलेली, सुताची ताकद ठरलेली, शिलाई ठरलेली. २०२१च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली, आणि या हातमागाच्या कामाला मोठी स्पर्धा उत्पन्न झाली. तो प्रश्न निराळा. मला सांगायचे आहे ते असे की, येथे मोकळीक असून चालणार नाही. एखाद्या भगिनीने उत्साहाच्या भरात पंचविसावा आरा काढला तर तो ध्वज राहत नाही. नियम येथे वस्तूतूनच निघाला आहे, आणि म्हणून तो कोणाला अपमानकारक वाटत नाही.

माझ्या अकरा नियमांकडे मी या दृष्टीने पुन्हा पाहिले. मुलांनी प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटलीला एकट्याने हात लावू नये, हा नियम आम्लातून निघालेला होता. परीक्षेचे कागद कुलपात ठेवावेत, हाही परीक्षेतूनच आलेला. असे चार निघाले. उरलेले सात माझ्या भीतीतून निघाले होते. आपल्यामागे काय चालले आहे ते आपल्याला कळणार नाही, वरून कोणी विचारले तर दाखवायला कागद नसेल, ही ती भीती. गच्चीवरचा अर्ज या सातांपैकी. ताऱ्यांना त्याची काही गरज नव्हती.

मत्तयच्या शुभवर्तमानात तीन चाकरांचा दृष्टान्त आहे. धनी परदेशी जाताना तिघांजवळ आपले धन सोपवून जातो. लहानपणापासून ऐकलेल्या त्या दृष्टान्तातली एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. धनी जाताना त्या धनाचे काय करावे याची एकही सूचना देऊन जात नाही. दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात. तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि कारण सांगतो ते असे की, धनी कठोर आहे हे त्याला माहीत होते, म्हणून तो भ्याला. प्रवचनात या तिसऱ्या चाकराला आळशी म्हणून नेहमी झोडपतात. शिक्षक म्हणून मला त्याची थोडी कीव येते. त्याने एक पैसाही हरवला नव्हता. आमच्या विज्ञानाच्या बाईंनीही काही हरवले नव्हते. त्यांनी आपले आकाश पुरून ठेवले आणि माझ्या मेजावर शनिवारी वही आणून दिली.

सर्वच माणसे मोकळीक मिळताच फुलतात, असा माझा दावा नाही. सैल सोडल्यावर खरोखर सैल होणारे सहकारी मी पाहिले आहेत. एक गृहस्थ वर्गात वर्तमानपत्र वाचीत. परंतु नियमांच्या वर्षातही ते वर्तमानपत्र वाचीतच होते, फक्त वेळेवर येऊन वाचीत. त्यांच्याशी समोर बसून बोलणे हे माझे काम होते. ते अवघड वाटले म्हणून मी भिंतीवर तक्ता लावला, आणि एका माणसाला जे सांगायचे ते बावीस जणांना ऐकविले.

सध्याच्या शाळेतही थोडा अधिकार माझ्याकडे आला आहे. फाटकाशी अंगठ्याचे यंत्र बसले आहे. त्याला मी विरोध केला नाही. वडिलांचा बिल्ला मला आठवला. तक्ता मात्र मी अजून लिहिलेला नाही. गेल्या हिवाळ्यात नव्याने रुजू झालेले एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले. त्यांना पाचवीच्या मुलांना उणकलच्या तळ्यावर पक्षी दाखवायला न्यायचे होते. दारातच उभे राहून त्यांनी विचारले, "सर, अर्ज कोणाच्या नावाने लिहू, आणि किती दिवस आधी?"

मी त्यांना बसायला सांगितले आणि विचारले, मुले किती आहेत, तळ्याकडे जाताना मोठा रस्ता कोठे ओलांडणार, आणि त्या वेळी पुढे कोण चालणार व मागे कोण. मुले चौतीस होती. मागे कोण चालणार हे त्यांनी ठरविले नव्हते. ते ठरवून दहा मिनिटांनी ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वजण तळ्यावर गेले.